कमानीबाहेरचा गृहप्रवेश

आमच्या नव्या घराचा गृहप्रवेश आर्णी रस्त्याच्या कडेला झाला. घर त्या वेळी ट्रेलरवर होतं.

आमच्या नात्यात ही हकीकत प्रत्येक साखरपुड्यात आणि प्रत्येक तेरवीत सांगितली जाते आणि दर वेळी तिच्यात चूक माझीच निघते. सांगणारा बहुधा माझा साडू असतो. प्रेमदास सर. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे प्रमिलाचा, नवरा. शाळेत शिक्षक आहे, हळू बोलतो, आणि हळू बोलणाऱ्या माणसावर लोकांचा पटकन विश्वास बसतो. माझा आवाज तसा नाही. म्हणून माझी बाजू मी लिहूनच काढतो आहे.

मी सायकलवर खिळे आणि बिजागऱ्या विकण्यापासून सुरुवात केली. आज आर्णीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. हे सगळं एका नियमावर उभं राहिलं: सांगितलेला भाव द्यायचा नाही. मी दवाखान्यातही घासाघीस केली आहे. माझ्याच लग्नात बँडवाल्याशी बोलणं चालू होतं म्हणून वरात पाऊण तास उशिरा निघाली. (सासरची माणसं अजून तेवढंच लक्षात ठेवून आहेत. बँड किती स्वस्तात मिळाला होता, हे कुणालाच आठवत नाही.)

तर शहराबाहेर एक लेआउट पडला. दिगांबरशेठ नावाच्या माणसाने पाडला. त्याच्या हाफिसातल्या रंगीत नकाशावर बगीचा होता, मंदिर होतं, ज्येष्ठांना फिरायला वाट होती आणि मधोमध निळाशार तलाव होता. प्रत्यक्षात नंबर लिहिलेले दगड होते आणि त्या दगडांवर पाठ खाजवणाऱ्या बकऱ्या होत्या. तलावाच्या जागी मुरूम उकरून झालेला खड्डा होता, त्यात दोन म्हशी बसलेल्या होत्या. म्हशींची काही तक्रार दिसली नाही.

"शेठ, भाव कमी करा," मी म्हटलं.

"एक रुपया कमी होत नाई."

"तं मंग दुसरं काही द्या."

"काय देऊ?"

मला एकदम सुचलं. "गेटावर कमान बांधा. कमानीवर माह्या बापाचं नाव टाका."

शेठ हसला आणि तयार झाला. अट एकच, की कमानीचं लोखंड माझ्या दुकानातून जाईल, तेही फुकट. बापाच्या नावाला नाही कसं म्हणणार? पण मिस्त्रीने कमानीची उंची सांगितली तेव्हा मला सळ्या दिसायला लागल्या. मी म्हटलं, "एवढी उंच कायले? थोडी खाली घ्या. आमच्या याडीले अक्षरं जवळून दिसली पाह्यजे." याडी म्हणजे माझी आई. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तिला वाचता येत नाही, हे मिस्त्रीला माहीत नव्हतं.

कमान खाली आली. बाप जिनिंगमध्ये आयुष्यभर कापसाच्या गाठी उचलत होता. त्याचं नाव सोनेरी अक्षरांत वर गेलं. याडी ते पाहायला आली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "बेटा, तुह्या बापानं जनमभर लोकायच्या घरात दिवस काढले. आता माह्यं घर असं पाह्यजे, का जे जागेवरून हलत नाई. अन् त्या घरात मी याच नावाखालून जाईन."

बस, एवढंच मागितलं होतं तिनं. न हलणारं घर. आणि मी तिच्यासाठी चाकांवरून येणारं घर घ्यायला निघालो.

त्याला कारण साडू. साडूने त्याच लेआउटमध्ये प्लॉट घेतला आणि कारखान्यात तयार होणारं घर मागवलं. भिंती, खिडक्या, ओटा, संडास, नळ, सगळं कारखान्यातच बनतं, ट्रेलरवरून येतं आणि क्रेनने चौथऱ्यावर ठेवलं की झालं. ज्या दिवशी त्याचं घर आलं त्या दिवशी अख्खं आर्णी बघायला गेलं. मी मुद्दाम दुकानात बसून राहिलो. (हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.) संध्याकाळी बायको, म्हणजे शकू, येऊन म्हणाली, "प्रमिलाचं घर अर्ध्या दिवसात उभं झालं. आपण बारा वर्षांपासून भाव पाहून राह्यलो."

दुसऱ्या आठवड्यात मी नागपूरजवळच्या त्या कारखान्यात होतो. साडू सोबत आला होता. मी बोलावलं नव्हतं.

मॅनेजरने खर्चाचा कागद पुढे ठेवला. प्रत्येक ओळीपुढे भाव होता, आणि मी एकेक ओळ घेऊन त्याला दमवत होतो. शेवटी एक ओळ आली: 'छत सुटे पाठविणे व जागेवर बसविणे.' तिच्यापुढे भावच नव्हता. मी कान टवकारले. तीस वर्षांच्या धंद्यात मी एक शिकलो आहे, जिथं भाव लिहिलेला नसतो तिथंच गिऱ्हाईक कापलं जातं. मी स्वतःही तसंच करतो.

"हे खोडा," मी म्हटलं.

"काका, पण हे..."

"मी खोडतो." मी पेन काढला आणि खोडलं. "घर अख्खं पाठवा. एका तुकड्यात, छतासकट. अन् हे खोडलं त्याच्या बदल्यात मले काय भेटन?"

मॅनेजरने खोडलेली ओळ एकदा वाचली. मग त्याने टेबलाच्या खणातून वाटीएवढी एक पांढरी डबी काढली. "ही धुराची घंटी घ्या. घरात धूर झाला की वाजते. तुम्हाले फुकट."

"भाऊ, एक सांगू का?" साडू म्हणाला.

"मास्तर, सौदा चालू असताना मधात बोलू नका."

मॅनेजर हसला. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा 'काका, तुम्ही जिंकलात' असा वाटला.

मग वाहतुकीची गोष्ट निघाली. कंपनीचा स्वतःचा बुटका ट्रेलर होता, त्याचं भाडं वेगळं. इथे मात्र माझं रक्त तापलं. आमचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून, म्हणजे लदेणी करत, अर्धा मुलूख फिरले. तांड्यातला लहान पोरगाही हे अभिमानाने सांगतो. आणि हा मॅनेजर मला माल कसा न्यायचा ते शिकवतो?

"लदेणीवाल्यायच्या पोराले ट्रान्सपोर्ट शिकवता?" मी म्हटलं. "मी माह्या ट्रेलरनं नेईन."

"भाऊ, एक सांगू का?" साडू.

"नाई."

माझा ट्रेलर म्हणजे अन्वरभाईचा. तो त्यावरून सरकीचे पोते आणि कापसाच्या गाठी वाहायचा. कंपनीच्या ट्रेलरपेक्षा चांगला दोन फूट उंच. मी म्हटलं, उंच तर उंच, खड्ड्यात टेकणार नाही.

गृहप्रवेशाचा मुहूर्त दुपारी बाराच्या आत होता. त्यानंतर महिनाभर चांगला दिवस नाही, असं याडीला कुणीतरी सांगितलेलं. क्रेन सकाळीच आत जाऊन माझ्या प्लॉटवर उभी राहिली होती, तासाच्या भाड्यावर. पाहुणे जमले होते. साडेदहाला रस्त्याच्या टोकाला आमचं घर दिसलं. फिक्कट पिवळ्या भिंती, लाल छत, पुढच्या दाराला शकूने पाठवलेलं तोरण. बाभळीच्या फांद्या वाकवत घर डौलात येत होतं. माझा ऊर भरून आला. साडूचं घर बघायला जेवढे लोक आले होते त्यापेक्षा जास्त लोक आहेत का, हे मी मोजत होतो.

ट्रेलर कमानीसमोर आला आणि थांबला. अन्वरभाई खाली उतरला. त्याने एकदा घराकडे पाहिलं, एकदा कमानीकडे पाहिलं, आणि कानावरची विडी काढून पेटवली. ड्रायव्हरने न बोलता विडी पेटवली की समजून घ्यावं.

"सेठ, नाई जात."

"काहून नाई जात?"

"छत दीड फूट वर हाय."

"दीड फूट म्हंजे कितीक? दाबून घे."

"सेठ, घर हाय. पोतं नोहे."

मी चिडलो. "मास्तरचं घर याच कमानीतून गेलं. तं माह्यं कायले नाई जात?"

"तेच सांगून राह्यलो, भाऊ," साडू पुढे झाला. "एक सांगू का?"

"तुम्ही शाळेत सांगा!"

बघ्यांपैकी एकाने चाकांची हवा सोडायचा सल्ला दिला. अन्वरभाई म्हणाला, "साऱ्या चाकाइची हवा सोडली तं चार बोटं उतरन. मंग हे घर इथंच ऱ्हाईन, अन् मीबी." दुसरा म्हणाला, कमान तोडा. हे त्याने याडीसमोर म्हटलं. याडी जाऊन कमानीच्या खांबाला टेकून उभी राहिली. तोडायची गोष्ट तिथेच संपली.

एव्हाना घराने अर्धा रस्ता अडवला होता. एसटी थांबली. कंडक्टर डोकं बाहेर काढून म्हणाला, "काका, घरकुलात भेटलं का?" मागच्या जीपमधल्या बाईने खोल्या किती आहेत ते विचारलं. मोटरसायकलवरचा एक जण गंभीरपणे म्हणाला, "भाड्यानं देता का? रोड टच हाय म्हणून म्हणतो."

लेआउटच्या मागे नाला होता. एका बाजूला मात्र नामदेवरावांचं वावर होतं, त्यात कमरेएवढी तूर ओळीओळीने उभी होती (आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात). तिथून ट्रेलर घातला तर कुंपणाची एक बाजू काढून आत जाता येत होतं. नामदेवराव भला माणूस. म्हणाला, "दोन तासं आडवी होतीन. त्याचे देऊन द्या अन् घ्या तुमचं घर."

सव्वा अकरा झाले होते. घरावर तोरण सुकत होतं. समोरच्या माणसाने वाजवी भाव सांगितला होता. शहाण्या माणसाने काय केलं असतं?

"दोन तासं कुठची?" मी म्हटलं. "दीडच. अन् तुरीले शेंगा तरी कुठं हायेत? तिकडल्या बाजूले तं अळीच दिसून राह्यली."

नामदेवराव माझ्याकडे एकदा बघून चालता झाला. शकू त्याच्या मागे धावली, पण तो थांबला नाही. परत आली तेव्हा तिने माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

"भाऊ, एक..."

"मास्तर!"

पावणेबाराला याडी खांबापासून हलली. "शिडी आना," ती म्हणाली.

"कायले?"

"मुहूर्त चालला. घर माह्यापाशी येत नसन, तं मी घरापाशी जातो."

"याडी, घर अजून जागेवर नाई बसलं."

"तुह्या भरवशावर बसलो तं घर बसाच्या आधी मीच बसन."

शिडी लागली. सत्तरीची याडी घागरा सावरत ट्रेलरवर चढली, मागून शकू, मागून पाच सुवासिनी. एसटीतल्या तीन बायाही उतरून वर गेल्या. गृहप्रवेश कुणाचाही असो, त्यांना मागे राहवत नव्हतं. आत ओट्यावर दूध उतू घातलं. मग भोग. आमच्यात शुभकार्याला निखाऱ्यावर तूप आणि लापशी वाहतात. माझ्याच दुकानातल्या नव्या घमेल्यात, खाली विटा ठेवून, याडीने निखारे मांडले, डोळे मिटले, आमच्या बोलीत सगळ्या पिढ्यांना हाका मारल्या आणि तुपाची पळी सोडली.

धुराचा लोट उठला आणि माझी फुकटची घंटी वाजली.

ती वाजली असं म्हणणं बरोबर नाही, ती किंचाळली. वाटीएवढ्या डबीत एवढा आवाज मावतो, हे कंपनीने कागदावर लिहायला हवं होतं. अन्वरभाईला वाटलं ट्रेलरचंच काहीतरी फुटलं, तो उडी टाकून तुरीत गेला. (दोन तासं तुडवली. नामदेवरावांनी लांबून पाहिलं.) एसटीतल्या बाया शिडीची वाट न बघता खाली आल्या. वाहतुकीत काचा खडखडू नयेत म्हणून खिडक्या बाहेरून चिकटपट्टीने बंद केलेल्या होत्या, त्यामुळे धूर जाईना, आणि धूर जाईना म्हणून घंटी थांबेना. मी आत घुसलो. कंपनीने डबी बसवली होती छतापाशी. माझा हात पुरेना. मी नारळ फेकून मारला, तो शकूच्या पाठीवरून गेला.

"बंद करा तिले," शकू ओरडली.

"पट्ट्या काढा, खिडक्या उघडा, निखारे उचला, त्या कंडक्टरले म्हणा चूप बस, अन् मास्तर, तुम्ही दारातून बाजूला व्हा!" हे आणि असंच पुष्कळ काही मी दहा मिनिटं त्या घंटीच्या वरच्या पट्टीत बोलत होतो. याडी एकटी शांत बसली होती. तिला वाटलं, नवीन घरांना असं काही असत असेल.

शेवटी खिडक्या उघडल्या. धूर गेला. घंटी थांबली. मी ट्रेलरवर उभा राहून सगळ्या जमावाला उद्देशून काहीतरी कडक बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून फक्त हवा आली.

आवाज बसला होता. एक अक्षर फुटत नव्हतं. आजूबाजूला अशी शांतता पसरली, जी माझ्या उपस्थितीत आर्णीने कधी अनुभवली नसावी. त्या शांततेत साडू खाकरला.

"भाऊ, एक सांगू का?"

पहिल्यांदाच त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

"छत सुटते. बारा नटबोल्ट हायेत. माह्यं बी छत वेगळंच आलतं. तुम्ही त्या दिवशी पाह्याले आले नव्हते."

त्याने बोट दाखवलं. भिंतीच्या वरच्या कडेला ओळीने पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टोप्या होत्या. सकाळपासून मी त्यांना शोभेच्या समजत होतो. एक टोपी काढली. आत नट होता. हा नट माझ्या दुकानात दाराजवळच्या तिसऱ्या खणात असतो. तीस वर्षं मी तो विकतो आहे.

दुकानातून नट सोडायचे पाने आले. अन्वरभाई अंगावरची तुरीची पानं झटकत परत आला. आत रिकामी उभी असलेली क्रेन कमानीखालून बाहेर आली (ती आरामात आली), तिने छत उचललं आणि जमिनीलगत झुलवत आत नेलं. सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं होतं. याडी उतरेना.

"प्रवेश झाला माह्या घरात. घरातून बाहेर कायले येऊ?"

मला बोलता येत नव्हतं, त्यामुळे तिचंच चाललं. शकू तिच्यासोबत राहिली. ट्रेलर बैलाच्या चालीने निघाला. कमान जवळ आली तशी याडी उठली आणि काय होतंय ते कळायच्या आत स्वयंपाकाच्या ओट्यावर चढली. शकूने तिचे दोन्ही पाय कवटाळले. अन्वरभाईने ट्रेलर जवळजवळ थांबवलाच. वर छत नव्हतं, नुसतं आभाळ होतं, आणि बिनछताच्या घरातून याडीचा हात वर आला. तिने बापाच्या नावाच्या खालच्या कडेवरून हात फिरवला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. वाचता येत नसलं तरी नाव कुठे संपतं ते तिला बरोबर कळलं. कमान मिस्त्रीने सांगितली तेवढी उंच असती, तर तिचा हात पोचला नसता.

मी रस्त्यावर उभा होतो. कंडक्टर माझ्याजवळ आला आणि टोपी काढून म्हणाला, "काका, डोळ्यात धूर गेला वाटते." मी मान हलवली.

दोन वाजता घर चौथऱ्यावर बसलं, वर छत बसलं, बोल्ट आवळले गेले. पंगत उठल्यावर साडूने खिशातून त्याच्या खर्चाचा घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. तीच ओळ: 'छत सुटे पाठविणे व जागेवर बसविणे.' पुढे भाव नव्हता.

"हे फुकट होतं, भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणून भाव नव्हता लिहिला. त्या दिवशी तेच सांगून राह्यलो होतो."

म्हणजे फुकटची गोष्ट मी स्वतःच्या पेनाने खोडली, खाली सही केली आणि तिच्या बदल्यात घंटी आणली. मॅनेजरचं हसणं मला तेव्हा पूर्ण समजलं. माझा आवाज चार दिवस आला नाही. त्या चार दिवसांत शकूने नामदेवरावांना तुडवलेल्या दोन तासांबद्दल चार तासांचे पैसे दिले, क्रेनवाल्याला त्याने सांगितले तेवढे दिले, आणि घरात जी शांतता होती तिचं पाहुण्यांकडे कौतुक केलं.

घर आता जागेवर आहे आणि हलत नाही. याडी रोज सकाळी कमानीपर्यंत चालत जाते आणि परत येते. घंटीही जागेवर आहे. ती काढायला माणूस बोलावला होता, पण त्याने भाव जास्त सांगितला. त्यामुळे शकूने फोडणी घातली की ती रोज दोन वेळा किंचाळते, साडूच्या घरापर्यंत ऐकू जाते, आणि याडी बाजेवरून हाक मारते, "जा बेटा, तुहा नफा बोंबलून राह्यला."

मी मुकाट्याने टॉवेल आणि स्टूल घेऊन उठतो.